त्या वर्षीचं सूप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा न कळताच गेला. मुलीला नाही. कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गुडघे टेकून बसते तेव्हा जाळीपलीकडच्या फादरलाही नाही. तिथे दर ईस्टरला मी एवढंच म्हणते, "खोटं बोलले, दोनदा." दोनदा! जसं काही मासळीवालीशी भावावरून बोलले. ते आपले तीन 'नमो मारिया' म्हणायला सांगतात, मी म्हणते, घरी येते, भात टाकते. सोळा वर्षं हे असंच चाललंय.

आणि आता लिहायला बसले तेही स्वतःहून नाही, हेही सांगून टाकते. आमच्या देवळाचा नाताळचा अंक निघतो. त्याची पोरं आली — "फिलूआत्या, गोठ्यातल्या मूर्ती तुम्ही रंगवता, सुपाची पद्धत तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही, दोन पानं द्या ना लिहून." मी म्हटलं, देते, त्यात काय. चार वेळा बसले. चार वेळा फाडलं. पद्धत लिहायला घेतली की 'ज्या घरात सगळ्यात धाकटं बाळ' इथपर्यंत हात चालतो, आणि मग — नाही चालत. आता काय करायचं? दर वेळी त्याच वाक्यावर अडायचं? वैताग आला मला. पाचव्यांदा बसलेय. आता जे येईल ते येईल.

आधी पद्धत सांगते. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

कोलशेतच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं गावठण. पोर्तुगीजांच्या वेळेपासूनची ख्रिस्ती घरं — कुणी भात लावायचं, कुणी मिठागरात जायचं, कुणी जाळं टाकायचं. आता चारी बाजूंना टॉवर आहेत आणि त्यांच्या बाल्कनीतली माणसं आमची कौलं बघत चहा पितात. नाताळात तीच माणसं मोबाइल घेऊन आमचा गोठा बघायला येतात. गोठा म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा. बाकीच्या ठिकाणी क्रिब म्हणतात. आमच्यात चोवीस तारखेला संध्याकाळीच मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, असते आणि तोवर गोठा रिकामा असतो. म्हणजे मेरी असते, जोसेफ असतो, गाय, बकरी, मेंढपाळ सगळे असतात, फक्त बाळ नसतं. बाळाला आणायचा मान गावातल्या एका बाईचा. वर्षभरात गावात जेवढी बाळं झाली त्यांतलं सगळ्यात धाकटं जिचं, तिचा. ती सुपात नवे तांदूळ पसरते, त्यावर फडकं, त्यावर बाळ येशू. देवळाच्या दारापासून गोठ्यापर्यंत ते सूप ती छातीशी धरून चालत येते आणि सगळं गाव उभं राहून गात असतं. बाळ येशूला तिने पेंढ्यावर ठेवलं की सूप रिकामं होतं. मग त्याच तांदळावर तिचं स्वतःचं बाळ घालतात आणि सूप एकदा गोठ्यापुढे जमिनीला टेकवतात. घंटा वाजते. बस, एवढंच.

पण एवढंच म्हणजे किती, ते आमच्या गावात येऊन विचारा. सत्तर वर्षांचा म्हातारासुद्धा सांगतो, मी अमक्या वर्षीचा सुपाचा. ज्याला सुपात घातलं ते पोर गावाचं झालं. मग ते कुठेही जाऊ दे.

माझा धाकटा भाऊ पास्कल सुपाचा. मी नाही. माझ्यामागून तीन दिवसांनी शेजारच्या डिकूला मुलगी झाली, सूप तिच्याकडे गेलं. लहानपणी मी त्यावरून फार रडलेले म्हणे. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये हं. आठवलं म्हणून लिहिलं. हे सगळं घडलं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते; त्या वयाच्या बाईने तीन दिवसांच्या बाळाचं दुखणं पुढे करू नये.

मूर्ती माझ्या बापसाने केलेल्या. तो गवंडी होता, पण हात असा की मातीला बोलायला लावेल. त्याची मेरी लुगडं नेसलेली — तांबड्या चौकड्यांचं, आमच्या आजीचं होतं तसं, गुडघ्याखालपर्यंत. तीन राजांतला एक छत्री घेऊन आलाय. आणि जोसेफ — जोसेफ एका बाजूला, पाटावर बसलेला, पाठ अर्धी वळलेली, गालाला हात. कुण्या जुन्या फादरने बापसाला एक चित्र दिलं होतं, त्यात तो तसाच होता. बाहेरगावचे लोक हसायचे, तुमचा जोसेफ रुसलाय का म्हणून. बापूस चिडायचा. म्हणायचा, "रुसलेला नाही तो. विचार करतोय. पोर आपलं नाही, हे त्याला ठाऊक आहे. दार उघडं आहे, जायचं तर जाऊ शकतो. पण बसलाय ना? मग झालं!"

हे मी पन्नास वेळा ऐकलंय. बापूस गेल्यावर मूर्ती माझ्याकडे आल्या. कोलशेतच्या कंपनीत दिवसभर पॅकिंग करून संध्याकाळी मी ओटीवर बसायचे आणि त्याच जोसेफच्या गालाचा रंग कालवायचे. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. माझ्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बघा, पुन्हा मी मूर्तींवरच अडकले. मूर्तींचं बोलणं सोपं असतं.

पास्कल आणि सेलीन. माझा भाऊ आणि माझी भावजय. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही. काय काय केलं त्यांनी, ते सगळं सांगत बसत नाही. आमच्या ओटीवर संत ॲनाची तसबीर आहे, मेरीची आई ती. छोट्या मेरीला मांडीशी घेऊन वाचायला शिकवतेय. सेलीन रोज तिच्यापुढे मेणबत्ती लावायची. ॲनाची गोष्ट बायबलात नाही, पण आमच्या घरी होती, कारण ती तसबीर होती. तिलाही म्हातारपणापर्यंत मूल नव्हतं. तिचा नवरा देवळात दान घेऊन गेला, तर तिथल्या माणसांनी ते घेतलं नाही, मूलबाळ नसलेल्याचं चालत नाही म्हणून परत पाठवलं. आणि मग त्यांना मेरी झाली. सेलीनला ही गोष्ट मीच सांगितलेली. मीच! तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलेली. आज मला त्या हाताची चीड येते.

मग त्यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. कागदपत्रं झाली, माणसं येऊन घर बघून गेली, आणि डिसेंबरच्या मध्याला पास्कल आणि सेलीन एक अडीच महिन्यांची मुलगी घेऊन घरी आले. नाव ठेवलं मारिया. सेलीन रस्त्यात भेटेल त्याला तिची बोटं दाखवत होती — "बघा ना, नखं बघा ना किती." लोक बघायचे, गोड बोलायचे, आणि ती पुढे गेली की विहिरीपाशी कुजबुज सुरू. कुणाचं कोण जाणे. आपल्यातलं तरी असेल का? मी त्यात नव्हते असं नाही. मी बोलायचे नाही. मान हलवायचे.

त्याच वर्षी माझी लेक शेरन बाळंतपणाला माहेरी आलेली. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. मी तिला म्हटलं, नाताळ करूनच जा सासरी. कारण मी हिशेब केला होता — वर्षातलं धाकटं बाळ तेच. सूप आपल्या घरी! वसईहून शेरनची सासू, नणंदा, कॅमेरेवाला दीर, सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं. सुपाला लाल कापडाची झालर मी शिवून ठेवली होती.

आणि मारिया सप्टेंबरच्या शेवटची. शेरनच्या पोरापेक्षा महिन्याने धाकटी.

तुम्ही आता म्हणाल, मग काय झालं, भावाचीच मुलगी ना? घरातल्या घरातच. हो. मीही हेच म्हणायला हवं होतं.

विहिरीपाशी आगूमावशीने विषय काढला. ती गोठ्याच्या कामातली सगळ्यात जुनी बाई. म्हणाली, दत्तक पोर सुपात चालते का गो? असं कधी झालं नाही आपल्यात. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मी फादरना विचारून येते. मोठी न्यायाची बाई!

दुपारची वेळ होती. फादर आमच्याकडे नवीन होते, तरुण, बाहेरचे. देवळामागच्या त्यांच्या बंगलीच्या ओट्यावर बसून कागदी चांदणीला खळ लावत होते. मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ते हसले, हात खळीने भरलेले, आणि म्हणाले, "अहो, यात विचारायचं काय? जोसेफने तरी दुसरं काय केलं? सांगा तुमच्या भावजयीला, सूप धुऊन ठेव म्हणावं."

बंगलीपासून विहिरीपर्यंत दहा मिनिटांची वाट. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. साफ खोटं! वाटेवर मी वाक्य जुळवत होते. फादर हो म्हणाले असं सांगितलं तर शेरनच्या सासरच्यांना काय सांगायचं, झालर कुणाच्या सुपाला लावायची — आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, एक घाण होती, ती आज वर काढते: मला वाटलं, कुणाचं कोण ते पोर, आणि आमच्या रक्ताच्या आधी ते सुपात? हे मला वाटलं. दुसऱ्या कुणाला नाही. मला.

विहिरीपाशी पोचले तेव्हा वाक्य तयार होतं. "फादर नाही म्हणाले. म्हणाले, मान जन्म देणाऱ्या आईचा."

आणि कुणी एक शब्द उलटा बोललं नाही. शेरनचं पोर तरी आमच्या गावाचं कुठे होतं? आडनाव वसईचं, बाप वसईचा, बाप्तिस्मा वसईचा. ते चाललं. मारिया आमच्या गल्लीत, माझ्या बापसाच्या घरात झोपलेली — ती नाही चालली.

मग सेलीनला सांगायला मीच गेले. दुसऱ्या कुणी सांगू नये, असं मला वाटलं. याला काय म्हणतात मला माहीत नाही.

सूप धुऊन उन्हात ठेवलेलं होतं. खाटेवर कुंची होती, बाळाची, लाल, नवी; तिला पांढऱ्या दोऱ्याने चांदण्या भरायचं चाललेलं, एक चांदणी अर्धी. मी सांगितलं. फादरचं नाव घेऊन सांगितलं. मला वाटलेलं ती रडेल, भांडेल. तशी ती तोंडाची फटकळ होती — लग्न होऊन आली तेव्हा माझ्याशीच दोनदा वाजलेलं तिचं. पण तिने सुई कुंचीत टोचून ठेवली, घडी घातली, आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं. भांडली असती तर मी तरी कुठेतरी अडखळले असते. असते का? कुणास ठाऊक. पास्कल दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत गेला आणि पोरीचं पांघरूण सारखं करत राहिला.

हे पहिलं खोटं. दुसरं लगेच दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, सांगावं लागलं, कारण फादर दारात सुपाची वाट बघत होते आणि सूप शेरनच्या हातात. मी पुढे होऊन म्हटलं, फादर, बाळाला ताप आहे, सेलीन येत नाही म्हणाली. इतकं सरळ आलं तोंडातून! ते म्हणाले, अरेरे, बिचारी. आणि मग काय झालं ऐका. मिस्सेत त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना घेतली आणि नाव घेऊन म्हणाले, आपली नवी लेक मारिया हिला बरं वाटावं म्हणून. सगळं देऊळ एका सुरात म्हणालं, प्रभू, आमचं ऐक. मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आगूमावशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती मूर्ख नव्हती. जो फादर पोरीला सुपात नको म्हणतो तोच तिला 'आपली लेक' कसा म्हणतो, हे तिच्या ध्यानात आलंच असणार. पण तिने पुन्हा समोर तोंड केलं. कुणीच काही बोललं नाही. ते खोटं बऱ्याच जणांना हवंच होतं. मला त्यांचा राग येतो, अजून येतो, पण त्याने माझं काही कमी होत नाही. तोंड माझं होतं.

शेरन सूप घेऊन चालली. छान दिसत होती. तो फोटो माझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. पुसताना मी त्याच्याकडे बघत नाही.

मे महिन्यात पास्कल डोंबिवलीला राहायला गेला. त्याची कंपनी तिकडे, म्हणून सांगितलं, कामाला जवळ पडतं. सगळ्यांनी मान डोलावली. सेलीन त्यानंतर माझ्याकडे येत राहिली — वाढदिवसाला, कुणी गेलं तर, सांदणं करायला. माझ्याशी कधी वाकडं वागली नाही. पण आमच्या देवळाची पायरी चढली नाही. डोंबिवलीच्या चर्चमध्ये जाते, पण शेवटच्या बाकावर बसते, कायम. पास्कल पुढे बसतो, ही मागे. मारिया सात-आठ वर्षांची असताना तिथल्या टीचरने तिला नाताळच्या नाटकात मेरी केलं. सेलीनने जाऊन नाव काढून घेतलं. मला म्हणाली, "कशाला? उगाच कुणीतरी काहीतरी म्हणायचं. एकदा ऐकलंय ना." मी पातेल्यात सांदणांचं पीठ घोटत होते. घोटत राहिले.

म्हणजे कळतंय का तुम्हाला? ती बाई सोळा वर्षं समजून चाललीये की देवाच्या घराने तिच्या पोरीला नको म्हटलं. आणि देवाच्या घराने तर विचारसुद्धा न करता हो म्हटलं होतं. खळीच्या हातांनी, हसत. मधे फक्त मी होते.

आणि पास्कल? पास्कल दर डिसेंबरला येतो. आंबिवलीच्या पुढे त्याच्या एका दोस्ताची शेती आहे, तिथून गोठ्यासाठी पेंढा आणतो. गाव सोडल्यावरच्या पहिल्या नाताळापासून एक वर्ष चुकलं नाही. भारा माझ्या ओटीवर ठेवतो, चहा पितो, जातो. आणि मी मनात म्हणायचे — ऐका हं, माझी लाज बघा — मी म्हणायचे, बिचाऱ्याला काही माहीत नाही. मला त्याची दया यायची!

या महिन्याच्या सुरुवातीला मारिया आली, दोन दिवस राहायला. अकरावीत आहे. चित्र काढायचं वेड, कॉलेजात कसलासा प्रोजेक्ट, जुन्या मूर्तींवर. म्हणाली, आत्या, आजोबांच्या मूर्ती मी तुझ्यासोबत रंगवणार. आम्ही दोघी ओटीवर बसलो. ॲनाच्या तसबिरीखाली. मी तिला जोसेफ दिला. का दिला? जवळ होता म्हणून. तिने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, अरे, हा तर डॅडींसारखा बसलाय. मग ब्रशने त्याच्या कानामागची धूळ काढत सहज सांगायला लागली.

"आत्या, मम्मी नसली की डॅडी एक भारी किस्सा सांगतात. माझा पहिला ख्रिसमस ना, तेव्हा दोन दिवसांनी इथले फादर घरी आलेले, केक घेऊन. माझा ताप बघायला! मम्मी बाजारात गेलेली. आणि मला ताप नव्हताच. मी मस्त खेळत होते. फादर डॅडींकडे बघतायत, डॅडी फादरकडे. मग डॅडींनी म्हणे त्यांना चहा पाजला." ती हसली. "कुणाचा तरी काहीतरी घोळ झाला असणार ना?"

माझ्या हातात बकरी होती. मी म्हटलं, असेल. असेल म्हटलं मी! पोरगी समोर बसलीये, विचारतेय, आणि मी तिसऱ्यांदा — छे.

त्या रात्रीचं काही सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण नीट बघा. पास्कलला सोळा वर्षं माहीत होतं. नाताळनंतर दोनच दिवसांत कळलं होतं. फादरनाही कळलं होतं. ते पुढे वर्षभर आमच्याकडे होते, दर रविवारी मला कम्युनियन देत होते, आणि अवाक्षर बोलले नाहीत. कुणीतरी त्यांना नको म्हटलं असणार. कोण म्हणणार? केवढं सोपं होतं त्याला! विहिरीपाशी येऊन एक वाक्य बोलायचं होतं. गावाने माझ्या तोंडात शेण घातलं असतं, आणि बरोबर केलं असतं. तो बोलला नाही. घर सोडून गेला, आणि डिसेंबरात पेंढा घेऊन आला.

परवा शनिवारी तो आला. भारा खाली ठेवला. मी चहासुद्धा टाकला नाही, उभ्या उभ्या म्हटलं, "पास्कल, तेव्हा फादर हो म्हणाले होते."

तो भाऱ्याची सुतळी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "माहिताय."

मी विचारलं, सेलीनला? तो म्हणाला, नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? माझा आवाज चढला होता. जसं काही चूक त्याची! त्याने सुतळी बोटांना गुंडाळली, खिशात घातली. "तिला कळलं असतं तर ती पुन्हा तुझ्या दारात आली नसती. फादरवर राग धरला तर फादर बदलून जातात. तू कुठे जाणार होतीस, फिलू?" मग म्हणाला, "आता नको सांगू. इतकी वर्षं झाली. पेंढा ओला होऊ देऊ नको." आणि चहा न घेता गेला. पहिल्यांदाच.

बायबलात जोसेफच्या तोंडी एक शब्द नाही. शोधून बघा, एकही नाही. फक्त एवढं लिहिलंय की तो भला माणूस होता आणि तिची चारचौघांत बेअब्रू व्हावी असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून गुपचूप दूर व्हायचं त्याने मनात आणलं. हे वाक्य मी दर नाताळात ऐकते. त्यात मेरी तर निष्पाप होती. मी नव्हते. आणि माझ्या भावाने माझ्यावर पांघरूण घालायला स्वतःच्या बायकोला सोळा वर्षं शेवटच्या बाकावर बसू दिलं. त्याने ते चांगलं केलं की वाईट, मला नाही कळत. पण ते त्याला माझ्यामुळे करावं लागलं.

नको सांगू म्हणाला. खरं सांगू? ऐकून आधी मला सुटल्यासारखं वाटलं. बघा ना, भावाचीच इच्छा, आता माझा काय इलाज! दोन दिवस मी त्या वाक्याच्या आड बसून घेतलं. तेही सोयीचंच होतं. आयुष्यभर मला सोयीची वाक्यं अशी हाताशी मिळतात.

पण मारियाने जोसेफ रंगवून ठेवलाय. तोंड थोडं बाहेरच्या बाजूला दिसेल असा पाट फिरवलाय तिने, म्हणाली, आत्या, इतकी वर्षं भिंतीकडे बघतोय, आता लोकांकडे बघू दे. तो ओटीवर सुकतोय, आणि मी त्याच्यासमोर बसून हे लिहितेय.

अंकाच्या पोरांनो, सुपाच्या पद्धतीवर दोन पानं मागितली होतीत, ही घ्या. काही गाळू नका. हा अंक दर वर्षी पास्कल डोंबिवलीला नेतो आणि त्याच्या घरात एकच माणूस तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. म्हणून आता बाकीच्यांशी माझं बोलणं संपलं.

सेलीन, फादर नाही म्हणाले नव्हते. मी म्हणाले. ते म्हणाले होते, सांगा भावजयीला, सूप धुऊन ठेव म्हणावं. तू ते आधीच धुऊन ठेवलं होतंस, उन्हात, मी बघितलं. त्या वर्षीचं सूप तुझं होतं.